सरांची माशी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण तिला ते ठाऊक होतं आणि वाईट वाटण्याऐवजी थोडा अभिमानच होता. पांढऱ्या कोटाच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे तिचा बारीक टोकाचा चिमटा असायचा, आणि जिभेलाही तसलंच टोक होतं.

काम म्हणाल तर पाय तोडायचं. ओढ्यातले, तळ्यातले, धरणाच्या काठचे पाणकिडे अल्कोहोलच्या बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचे. ती एकेकाला सूक्ष्मदर्शकाखाली आडवं घालायची, एक पाय मुळापासून अलगद उपटायची आणि नळीत टाकायची. उरलेला किडा नंबर लावून परत बाटलीत. पायच का, असं नवी मंडळी हमखास विचारायची आणि तरीही एकदा तरी पोटाचा तुकडा घ्यायचीच. मग निकाल यायचा तो त्या किड्याने मरण्याआधी जो दुसरा किडा खाल्ला त्याचा. "जेवणाऱ्याची चौकशी करायची होती, तुम्ही जेवणाची केलीत," असं म्हणून चिमटाबाई त्यांना नवीन नळी द्यायची.

त्या पायातून डीएनए काढायचा, त्यातला एक ठरलेला तुकडा यंत्रात घालून वाढवायचा, त्याची अक्षरं वाचायची आणि ती जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायची. दुकानात पुड्यावरच्या काळ्या रेघा वाचून यंत्र सांगतं ना, आत साबण आहे की बिस्किटं, तसंच. म्हणून त्याला डीएनए बारकोड म्हणतात. पाण्यातल्या अळ्या दिसायला इतक्या सारख्या असतात की बघून बघून डोळे फुटायची वेळ येते. बारकोडपुढे त्यांचं सोंग सहसा टिकत नाही.

अशी ही बाई, पन्नाशी ओलांडलेली, थोरल्या बहिणीच्या घरी राहणारी, कामात चोख. आणि मनात एक डूख धरून बसलेली. डूख जुना होता. माणसं म्हणतात काळ हे औषध आहे. असेल, पण ते घ्यावं लागतं, आणि चिमटाबाईने ते कधी घेतलंच नाही. तिला बरं व्हायचंच नव्हतं.

झालं होतं असं. विशीत ती कॉलेजमध्ये सरांच्या हाताखाली संशोधन करत होती. सर मुळात माशांचे अभ्यासक. किड्यांबद्दल त्यांचं ज्ञान एवढंच, की मासे ते खातात. तिला मात्र पाण्यातल्या किड्यांचं वेड लागलं होतं. कॉलेजच्या मागच्या ओढ्यात ती चप्पल काठावर काढून तासन् तास उभी असायची, आणि तिथेच तिला ती माशी सापडली.

मेफ्लाय म्हणतात त्या कुळातली. हा किडा जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली अळी म्हणून काढतो, मग एका संध्याकाळी वर येतो, त्याला पंख फुटतात, आणि दिवसा-दोन दिवसांत जोडीदार गाठून, अंडी घालून मरतो. त्याची एक गंमत आहे. पंख आल्यावरही तो आणखी एकदा कात टाकतो. पहिले पंख दुधी, धुरकट. ती साल उतरली की खालून स्वच्छ, पारदर्शक पंख निघतात. पंखवाल्या किड्याने कात टाकायची ही पद्धत दुसऱ्या कुठल्याच कुळात नाही. मात्र याच कुळातल्या मोजक्या जातींमध्ये मादी दुधी पंखांवरच संसार उरकते, शेवटची कात टाकतच नाही. आपल्या ओढ्यावरच्या दुधी माद्या त्याच प्रकारच्या आहेत आणि ही जात अजून कोणी नोंदवलेली नाही, असं तिला वाटलं. तिने वर्णन लिहिलं, पंखांच्या शिरा मोजून चित्रं काढली आणि त्याच संध्याकाळी सरांच्या घरी नेऊन दाखवली.

"सर, पण अजून एक हंगाम थांबू या," ती म्हणाली होती. "जिवंत पाळून बघायला हवं. खरंच कात टाकत नाहीत ना, ते."

"हो हो, घाई कशाला?" सर म्हणाले आणि कागद, बरोबर आणलेली माशीची बाटली, दोन्ही ठेवून घेतलं.

पुढचा हंगाम यायच्या आत सरांचा लेख छापून आला. नवी जात, शोधक सर, एकटे. वर्णन तिचं, चित्रं तिची. माशीला नाव दिलं होतं सरांच्या पत्नीचं. शेवटी आभार मानले होते त्यात कॉलेजच्या शिपायाचंसुद्धा नाव होतं. हिचं नव्हतं.

ती भांडली. कॉलेजच्या चौकशी समितीपुढे गेली. तिथे सर शांतपणे म्हणाले, "मुलगी तशी वाईट नाही, पण वेंधळी आहे. बाटल्यांवरची लेबलं गोंधळवते. हिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा." चोराच्या उलट्या बोंबा त्या अशा, पण बोंब मारणाऱ्याच्या अंगावर कोट होता आणि हिच्या अंगावर ओढ्याचा चिखल. वेंधळी हा शब्द चिकटला. पदवी अडकली ती अडकलीच. मग बरीच वर्षं तिने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टाक्यांचं पाणी तपासण्यात घालवली, बारकोडचं काम तिथून सुटी काढकाढून शिकली आणि कधीतरी उशिरा या प्रयोगशाळेत येऊन पोचली.

सर मात्र त्या माशीवर बसून पार वर गेले. परिषदा, अध्यक्षपदं, मुलाखती. 'कात न टाकणारी' म्हणून माशी पाठ्यपुस्तकात गेली. सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर ती छापलेली असायची, पंख पसरून. ते कार्ड एकदा चिमटाबाईच्या हाती आलं, तेव्हा तिने आपलंच चित्र ओळखलं. डाव्या पंखाची एक शीर काढताना तेव्हा तिचा हात हलला होता, आणि ती कार्डावरही तशीच वाकडी होती.

तर आता या प्रयोगशाळेने परिसरातल्या सगळ्या पाणकिड्यांचे बारकोड जमवायला घेतले. ज्या नमुन्यांवरून जाती पहिल्यांदा नोंदवल्या गेल्या ते मूळ नमुनेही त्यात घ्यायचे ठरलं. शिवाय किड्यांच्या नव्या संग्रहदालनाला सरांचं नाव देण्याचा घाट संचालकांनी घातला होता. आणि सर, निवृत्त, गोरेपान, काठी टेकत, स्वतःच एक छोटी बाटली घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले.

"सुरुवात माझ्या माशीपासून करा," ते म्हणाले. मग टेबलाशी बसलेली बाई त्यांना दिसली. त्यांनी चष्मा वर केला. "अरे! तू इथे होय? अजून किडेच?"

"अजून किडेच, सर."

"छान छान. पाय जरा जपून तोड हो. तू तशी वेंधळी होतीस." आणि ते हसले. शेजारी उभे असलेले संचालकही हसले, कारण सर हसले होते.

चिमटाबाईने बाटली दोन्ही हातांनी घेतली. तिचे कान तापले होते. राग तिच्या ओळखीचा होता, त्याची तिला भीती नव्हती. भीती दुसरीच होती. आता या माशीचा बारकोड निघणार, तो कशाशीच जुळणार नाही, आणि मग नवी जात म्हणून नोंद तिलाच करावी लागणार. शोधक म्हणून सरांचं नाव तिलाच टाईप करावं लागणार. आपल्या घरातून चोरीला गेलेला माल आपणच चोराच्या नावावर करून द्यायचा, असा हा प्रकार होता. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माशी काढली. इतक्या वर्षांत अल्कोहोलमध्ये रंग उडाला होता, पण पंख अजून दुधी होते. पुढचा पाय चिमट्यात धरून तिने हलकेच ओढला, आणि पायाची साल मोजा निघावा तशी सरकून हातात आली. आत दुसरा पाय होता. पूर्ण तयार, लांब, घडी घालून बसलेला.

तिने सूक्ष्मदर्शक पुन्हा नीट लावून पाहिलं.

माशी कात टाकणारच होती. आत सगळी तयारी झाली होती. आणखी थोडा वेळ जगली असती तर साल उतरली असती, खालून पारदर्शक पंख निघाले असते, आणि कोणीही सांगितलं असतं की बाई, ही ओढ्यावरची नेहमीचीच आहे. पण तेवढ्यात एका उत्साही मुलीने तिला पकडून बाटलीत टाकलं होतं. ती मुलगी कोण, हे चिमटाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

बारकोडने उरलासुरला संशय फेडला. जुना नमुना, त्यामुळे अक्षरं तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागली, पण जुळणी चोख होती. ओढ्यावरची सर्वांत सामान्य मेफ्लाय, जुन्यापुराण्या यादीतली, मासे जी मूठमूठ खातात ती. 'कात न टाकणारी' अशी जात कधी नव्हतीच.

आधी तिला रडू आलं. सोनं चोरीला गेलं म्हणून जन्मभर ऊर बडवून घ्यावा आणि ते पितळ निघावं, यासारखं दुःख नाही. कशासाठी एवढी जळली ती? एका चुकीसाठी? स्वतःच्याच चुकीसाठी? ती स्वच्छतागृहात गेली, तोंड धुतलं, आरशात पाहिलं. आणि तिथे, टॉवेल हातात असताना, तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. चूक तिची होती खरी. पण ती चोरीला गेली होती! लेखावर नाव कोणाचं? एकट्या सरांचं. श्रेयाचा कणही तिच्यासाठी ठेवला नव्हता सरांनी, मग बदनामीत तरी तिला वाटा कसा देणार? पिकायच्या आधीच फळ तोडून पळालेल्या माणसाला ते कच्चंच खावं लागणार होतं.

टॉवेल तोंडावर दाबून ती हसली, अगदी पोट दुखेपर्यंत.

मग ती कामाला लागली, आणि असं काम तिने आयुष्यात केलं नसेल. सर काय म्हणतील ते तिला आधीच ऐकू येत होतं: नळ्या मिसळल्या, वेंधळी! म्हणून माशीचा आणखी एक पाय तिने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवला. त्यावर नुसता नंबर, बाकी अवाक्षर नाही. तिकडूनही तोच निकाल आला. मग ती त्या जुन्या ओढ्यावर गेली. गुडघे कुरकुरत होते, तरी पाण्यात उतरली, दुधी पंखांच्या माद्या धरल्या आणि जाळीच्या पिंजऱ्यात घालून घरी आणल्या. बहिणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी एकेक करून कात टाकली. चिमटाबाईने कॅमेरा लावून सगळं टिपून घेतलं.

"हे काय चाललंय माझ्या खिडकीत?" ताई म्हणाली.

चिमटाबाईने सगळं सांगितलं. ताई ओट्याला टेकून ऐकत राहिली.

"मग फोन कर त्यांना. सांग गुपचूप. म्हातारा माणूस आहे, आपणहून नाव मागे घेईल."

"का सांगू?"

"अगं, झालं गेलं. आता काय मिळणार तुला?"

"ताई, वेंधळी म्हणाले ते गुपचूप म्हणाले नव्हते. आठ माणसं बसली होती समोर. त्यांनी मला गुपचूप लुटलं असतं तर मीही गुपचूप सांगितलं असतं."

ताई बहिणीला ओळखून होती. तिने पिंजरा भाजीच्या टोपलीपासून लांब सरकवला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संचालकांनी घाईघाईत टेबलापाशी थांबून विचारलं, "बाई, सरांच्या माशीचं झालं ना? उद्या तुम्हीच दाखवा. सगळं ठीक?"

"निकाल अगदी स्वच्छ आलाय," चिमटाबाई म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. ऐकणाऱ्याने काय ऐकायचं ते त्याचं त्याने बघावं.

सभागृह लहानच होतं. शंभरेक खुर्च्या, भिंतीवर पडदा, दाराशी चहाची टेबलं. सर व्यासपीठावर, पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, ज्यांचं नाव माशीला दिलं होतं त्या, फिकट साडीत, हात जुळवून बसलेल्या. भाषणात सरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "ती माशी मी हिच्यासाठीच शोधली," असं ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. पत्नी किंचित हसल्या.

मग चिमटाबाई उठली. तिने आवाज चढवला नाही, कोणाला टोमणा मारला नाही. जिभेचं टोक त्या दिवशी घरी ठेवून आली होती. पडद्यावर तिने पायाचा फोटो दाखवला, बाहेर साल आणि आत दुसरा पाय. मग अक्षरांच्या दोन ओळी एकाखाली एक दाखवल्या. मग खिडकीतली मादी आली, दुधी पंखांतून अंग सोडवत, पारदर्शक होत जाणारी. "त्यामुळे," ती म्हणाली, "ही जात वेगळी धरता येत नाही. आपल्या ओढ्यावरच्या नेहमीच्या मेफ्लायची अर्धवट वाढलेली मादी, एवढंच."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्कन हसलं. ते हसू चिमटाबाईने कानात साठवून घेतलं.

सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "नळ्या मिसळल्या हिने! ही पहिल्यापासून वेंधळी..."

"दुसऱ्या प्रयोगशाळेनेही तपासलंय, सर. त्यांना नमुना कोणाचा ते माहीत नव्हतं." तिने पुढचं चित्र लावलं.

सर उठून उभे राहिले. पुष्पगुच्छ खाली पडला. इतक्या वर्षांचा डोलारा समोर कोसळत होता, आणि बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. "अहो, पण ती माशी मी शोधलीच नव्हती!" ते ओरडले. "हिने आणून दिली होती! वर्णन हिचं, चित्रं हिची. मी विश्वासाने छापलं. चूक माझी नाही, हिची आहे! विचारा तिला!"

हेच वाक्य. हिने आणून दिली होती, वर्णन हिचं. हे वाक्य सरांच्या तोंडून ऐकायला तिने तारुण्य घालवलं होतं. आंघोळ करताना, रस्ता ओलांडताना, कपडे वाळत घालताना ते तिने शेकडो वेळा मनात ऐकलं होतं.

संचालक तिच्याकडे वळले. "बाई, हे खरं आहे?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिचं झालं असतं. चोरी उघड झाली असती, समितीचा जुना निर्णय चुकीचा ठरला असता, कदाचित कोणी माफीही मागितली असती. पण मग चूकही तिची झाली असती, आणि त्या चुकीआड लपून सर अर्धे तरी सुटले असते. फसवला गेलेला भला म्हातारा म्हणून घरी गेले असते. तिने सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे आशेने बघत होते. जन्मात पहिल्यांदाच.

"नाही," चिमटाबाई म्हणाली. "माझा काही संबंध नाही. लेखावर सरांचं एकट्याचं नाव आहे. दुसऱ्याच्या कामावर मी कशी हक्क सांगू?"

लोक खुर्च्या सरकवू लागले. स्वतःच्या चुकीचं खापर हाताखालच्या बाईवर फोडणारा माणूस, असं सगळ्यांनी त्यांना पाहून घेतलं. चिमटाबाईला आनंद झाला. लोक म्हणतात सूड घेतला की मन रिकामं होतं. तिचं तर काठोकाठ भरलं होतं.

बाहेर चहाच्या टेबलाशी ती कपात साखर ढवळत असताना सरांच्या पत्नी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"खोटं बोललीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

चिमटाबाईचा चमचा थांबला. "काकू, मी..."

"त्या संध्याकाळी दार मी उघडलं होतं. तू गुडघ्यापर्यंत चिखलात होतीस. फरशी खराब होईल म्हणून पायपुसण्यावरच उभी राहिलीस. कागद मात्र छातीशी धरलेले, कोरडे."

एवढी वर्षं साक्षीदार नाही म्हणून ती हरली होती, आणि साक्षीदार त्या घरातच होता. "मग तेव्हा का नाही बोललात? समितीपुढे?"

"तेव्हा माझ्यात धमक नव्हती. तुझी गुन्हेगार मीही आहे, ते कबूल." त्यांनी कप पुढे केला, चिमटाबाईने न कळत त्यात चहा ओतला. "पण पुढे काय झालं ते ऐक. घरी पाहुणा आला की मला हाक मारायचे. हिच्यासाठी शोधली, म्हणायचे. मी ट्रे घेऊन उभी. चोरीचं आहे हे मला माहीत, मला माहीत आहे हे त्यांना माहीत, तरी दर वेळी मी हसायचं. इतकी वर्षं हसले."

"आणि आज? आत उठून सांगता आलं असतं की ते खरं बोलतायत."

"आज धमक होती," काकू म्हणाल्या. "म्हणून तर गप्प बसले."

जिन्याच्या तोंडाशी सर एकटेच उभे होते, एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. उतरताना त्यांना आधार लागायचा. संचालक त्यांच्याकडे न बघता बाजूने निघून गेले. "अगं, येतेस ना?" सरांनी हाक मारली, मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

चिमटाबाईने कप खाली ठेवला. "काकू, तुम्हाला बोलावतायत."

"ऐकलं," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "मला अजून अर्धा कप दे. तूही घे. थांबतील ते."